जिरॅनियम : पावसाळ्यात झाड टिकवा, मग तेलाचे बोला



गेल्या काही वर्षांत जिरॅनियम हे नाव आपल्याकडे बांधाबांधावर ऐकू येऊ लागले आहे. कुणाचा पाहुणा सांगतो, कुणी मोबाईलवर बघतो, कुणी प्रदर्शनातून चार रोपे घेऊन येतो. पाला कापायचा, तेल काढायचे, किलोला हजारांनी रुपये मोजून घ्यायचे. ऐकायला फार गोड वाटते. पीक चांगले आहे यात शंका नाही. पण ते कुणाच्या रानात चांगले आणि कुणाच्या रानात नाही, हे लावणीच्या आधी समजून घ्यावे. आज त्याबद्दलच बोलू.

पहिल्यांदा नावाचा घोळ मिटवू. जिरॅनियम या नावाने तीन वेगवेगळी झाडे विकली जातात. एक म्हणजे थंड मुलखातले खरे जिरॅनियम. युरोपात आणि आपल्या हिमालयात ते होते. बर्फाखाली त्याचा वरचा पाला मरतो आणि वसंतात बुंध्यातून पुन्हा फुटतो. तिकडचे लोक बागेत वर्षानुवर्षे एकाच जागी ठेवतात, गड्डा मोठा झाला की फोडून लावतात. त्याच्या बोंडाला बगळ्याच्या चोचीसारखे टोक असते. ग्रीक भाषेत क्रौंच पक्ष्याला गेरानोस म्हणतात, त्यावरून हे नाव पडले. थंडीची विश्रांती मागणारे हे झाड आपल्या देशावरच्या उन्हाळ्याचे नाही. त्याच्या नादी लागू नये. दुसरे म्हणजे कुंडीतले, लाल-गुलाबी फुलांच्या झुबक्यांचे. ते शोभेचे आहे. आणि तिसरे, ज्याच्या पाल्याला गुलाबासारखा वास येतो, ते आपले. त्याचे शास्त्रीय नाव पेलार्गोनियम ग्रॅव्हिओलेन्स. हे मूळचे दक्षिण आफ्रिकेतले. तिघांचे कूळ एक, पण व्यवहार वेगळा.

आता एवढे सांगण्याचे कारण काय? तर कारण असे की या तेलाच्या झाडाला आपल्याकडे बी धरत नाही. त्याची वाढ फांदीच्या छाट कलमावरच करावी लागते. तेव्हा कुणी जिरॅनियमच्या बियांची पुडी विकायला आला, तर त्या पुडीत दुसरेच काही आहे असे खुशाल समजावे. रोप घेतानाही पान चुरगाळून बघावे. वास हीच त्याची ओळख.

आपल्या देशात हे पीक विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रेंच मळेवाल्यांनी तमिळनाडूत येरकाडच्या डोंगरावर आणले. पुढे निलगिरी आणि कोडाईकनालला ते पसरले. थंड हवा, उताराची जमीन, पाणी पडले की वाहून जाणार. तिथे झाड पाच-सहा वर्षे सहज टिकते. मग लखनौच्या केंद्रीय औषधी व सुगंधी वनस्पती संस्थेने, म्हणजे सीमॅपने, मैदानी प्रदेशात ते कसे जगवावे यावर काम केले. २०१७ साली सुरू झालेल्या अरोमा मिशनमधून अशा सुगंधी पिकांना चालना मिळाली आणि ती हवा आपल्याकडेही आली. सुगंधी साबण, अत्तरे, उदबत्ती, तोंडाला लावायची मलमे यांत हे तेल लागते. जगात इजिप्त आणि चीन हे मोठे उत्पादक.

आता जमीन. माझे स्पष्ट मत सांगतो, काहींना आवडणार नाही. ज्यांची जमीन भारी काळी आहे, पावसाळ्यात पाय घातला की घोट्यापर्यंत रुततो, अशांनी जिरॅनियम लावू नये. झाड मुळाशी साचलेले पाणी सहन करत नाही. दोन दिवस पाणी तुंबले की तिसऱ्या दिवशी पाने पिवळी, आणि पंधरा दिवसांत झाड उभ्याचे उभे वाळते. मुळे उपटून बघितली तर काळी पडून सालीसकट निघून येतात. तांबडी, मुरमाड, मध्यम खोलीची, निचऱ्याची जमीन याला मानवते. माळरान असेल आणि विहिरीला उन्हाळ्यात पाणी असेल, तर तो शेतकरी याचा खरा धनी. पश्चिम महाराष्ट्रातल्या कमी पावसाच्या तालुक्यांत म्हणूनच याला जास्त वाव आहे. कोकणपट्टीत आणि घाटमाथ्यावर, जिथे धो धो पाऊस, तिथे उघड्या रानात हे पीक घेणे म्हणजे पाण्यात पैसे टाकणे.

भारी जमीनवाल्यांनी निराश होऊ नये. सुगंधी पिकेच करायची असतील तर दुसरी आहेत. आपल्या खानदेशातले रोशा गवत जुन्या लोकांना माहीत आहे. त्याच्या तेलातही जिरॅनियमसारखाच गुलाबाचा वास देणारा जिरॅनिऑल नावाचा घटक असतो. एके काळी हे रोशेल तेल मुंबई बंदरातून परदेशी जाई आणि तिकडे गुलाबाच्या अत्तरात भेसळीला वापरले जाई! ते कोरडवाहूतही निभावते. पाणी धरून ठेवणाऱ्या जागी वाळा चालतो. गवती चहा आहेच. भाव कमी, पण झाड मरत नाही.

ज्यांनी जिरॅनियम करायचेच ठरवले आहे त्यांनी पहिल्या वर्षी पाच-दहा गुंठ्यांवर करावे. एक पावसाळा काढू द्यावा. मग वाढवावे.

रोपांचे सांगतो. दोन फुटांवर ओळी आणि ओळीत दोन फुटांवर झाड धरले, तर एकराला अकरा हजारांच्या आसपास रोपे लागतात. रोप पाच रुपयाला धरले तरी पंचावन्न हजार रुपये नुसत्या रोपांत गेले. म्हणून शहाण्याने पाचशे चांगली रोपे विकत आणावीत आणि पुढची घरीच करावीत. हे काम अवघड नाही, आणि खरे सांगायचे तर घरातल्या बायाबापड्या ते आपल्यापेक्षा नीट करतात, कारण त्यात घाई चालत नाही.

दसरा-दिवाळीच्या सुमाराला पाऊस उघडला, हवेत गारवा आला की कलमे लावायला घ्यावीत. निरोगी झाडाच्या शेंड्याकडची चार ते सहा इंच लांबीची फांदी घ्यावी. फार कोवळी लुसलुशीत नको, लाकूड झालेलीही नको. धारदार चाकूने डोळ्याच्या लगेच खाली काप घ्यावा. कात्रीने चेंगरू नये. चेंगरलेली कांडी कुजते. खालची पाने काढून वरची दोन-तीन ठेवावीत. बुरशीनाशकाच्या पाण्यात बुडवून, मुळ्या फुटायची पावडर मिळाली तर तिच्यात टोक टेकवून, गादीवाफ्यावर किंवा पिशवीत लावावी. माती, चाळलेले शेणखत आणि वाळू सारखी घ्यावी. वर सावली करावी: शेडनेट असो, नाहीतर मांडवावर टाकलेले गवत. पहिले दोन-तीन आठवडे झारीने रोज हलके पाणी. ओल हवी, चिखल नको. महिनाभरात मुळ्या धरतात आणि दोन महिन्यांत रोप शेतात जायला तयार होते. म्हणजे दिवाळीच्या कलमाची लावणी संक्रांतीच्या आगेमागे येते.

रानाची मशागत खोल करावी. एकरी चार-पाच टन चांगले कुजलेले शेणखत घालावे. कच्चे शेण घालाल तर हुमणी आणि वाळवी आपल्या हाताने बोलावून आणाल. दोनशे किलो शेणखतात दोन किलो ट्रायकोडर्मा मिसळून, पाण्याचा हबका मारून, सावलीत गोणपाटाखाली पंधरा दिवस ठेवावे आणि लावणीच्या वेळी झाडाच्या बुडाशी घालावे. मुळे कुजवणाऱ्या बुरशीला खाणारी ही दुसरी बुरशी आहे. विषावर विष म्हणा. मात्र तिच्यावर लगेच तांब्याचे औषध ओतू नये, नाहीतर मित्रही मरतो. दोहोंत पंधरा-वीस दिवसांचे अंतर ठेवावे.

लावणी सपाट वाफ्यात कधीही करू नये. वरंब्यावर किंवा फूटभर उंचीच्या गादीवर करावी. ठिबक असेल तर उत्तम. मोकाट पाणी दिले की रोगट झाडाखालची बुरशी पाण्याबरोबर सगळ्या सरीभर फिरते. हिवाळ्यात आठ-दहा दिवसांनी आणि उन्हाळ्यात पाच-सहा दिवसांनी, जमिनीचा वापसा बघून पाणी द्यावे. कॅलेंडर बघून देऊ नये.

खताचा हिशेब वर्षाला एकरी साधारण साठ किलो नत्र, चोवीस किलो स्फुरद, सोळा किलो पालाश असा धरतात. आपल्या भाषेत, युरियाच्या पंचेचाळीस किलोच्या तीन गोण्या, सुपर फॉस्फेटच्या पन्नास किलोच्या तीन गोण्या आणि म्युरेट ऑफ पोटॅश पंचवीस-सत्तावीस किलो. सुपर आणि पोटॅश लावणीला. युरिया एकदम टाकू नये. प्रत्येक कापणीनंतर फुटव्यासाठी थोडा थोडा द्यावा. मातीपरीक्षण केले असेल तर त्याप्रमाणे कमीजास्त करावे. पहिले दोन महिने झाड सावकाश वाढते, तेव्हा दोन खुरपण्या चुकवू नयेत. एकदा झाडाने जमीन झाकली की तण आपोआप दबते.

कापणी लावणीपासून चार महिन्यांनी येते. दिवस मोजण्यापेक्षा नाकाला विचारा. पान कोवळे असताना चुरगाळले तर लिंबासारखा वास येतो. पक्व होऊ लागले, हिरवा रंग जरा फिकटला, की तोच वास गुलाबाकडे झुकतो. वास फिरला की विळा लावावा. आधी कापाल तर तेल कमी आणि वासाला कच्चे. फार उशीर कराल तर खालची पाने पिवळी होऊन गळतात. विळा धारदार असावा. जमिनीपासून वीतभर वर कापावे आणि झाडाला थोडा हिरवा पाला राहू द्यावा. पार बोडके केलेले झाड पुन्हा नीट फुटत नाही. कापल्याच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी दहा लिटर पाण्यात पंचवीस ग्रॅम कॉपर ऑक्सिक्लोराईड मिसळून कापांवर फवारावे, कारण जखमेतूनच रोग शिरतो. फवारताना तोंडाला रुमाल बांधा, वाऱ्याच्या उलट उभे राहू नका. पुढच्या कापण्या तीन-तीन महिन्यांनी येतात. वर्षाला तीन कापण्या धराव्यात.

आता पावसाळा. या पिकाचे जगणे-मरणे इथेच ठरते.

मृग लागण्यापूर्वी तीन कामे उरकावीत. पहिले, रानाच्या वरच्या बाजूने आडवा चर काढून बाहेरचे पाणी अडवावे आणि प्रत्येक सरीचे तोंड खालच्या चरात मोकळे करावे. फावडे घेऊन पहिल्या वळवाच्या पावसात रानात उभे राहा. पाणी कुठे थबकते ते त्या अर्ध्या तासात जसे कळते तसे वर्षभर कळणार नाही. दुसरे, वरंब्यांना मातीची भर द्यावी. तिसरे, उन्हाळ्याची कापणी अशा बेताने घ्यावी की पाऊस सुरू होण्याआधी झाडाला तीन-चार आठवड्यांचा फुटवा आलेला असेल. ताज्या कापावर पावसाची झड बसली तर मर रोग हटकून येतो. पावसाळाभर जमल्यास विळा बंद ठेवावा.

मर लागलेले झाड ओळखायला सोपे आहे. एखादी फांदी भर दुपारी माना टाकते, संध्याकाळी सावरते, आणि दोन-तीन दिवसांनी सावरत नाही. अशा झाडाला औषध देऊन जगवण्याचा नाद सोडावा. मुळांसकट उपटून रानाबाहेर जाळावे, खड्ड्यात आणि आजूबाजूच्या झाडांच्या बुडाशी कॉपर ऑक्सिक्लोराईडचे द्रावण ओतावे. उपटलेले झाड बांधावर टाकून देण्याची आपली सवय वाईट आहे. पुढच्या पावसात तेच परत रानात येते. मुळांवर गाठी दिसल्या तर ते सूत्रकृमींचे काम. वांगी-टोमॅटोच्या रानात हे पीक म्हणूनच लगेच घेऊ नये. झेंडूचे एक पीक आधी घेतले तर त्यांचा जोर कमी होतो.

एवढे करूनही पावसाळ्यात काही झाडे जाणारच. ती गृहीत धरून नांग्या भरायला रोपे हाताशी हवीत, आणि आणीबाणी आलीच तर सगळे रान पुन्हा उभे करता येईल एवढे मातृवृक्षांचे बेणे सुरक्षित हवे. सीमॅपने यासाठी साधी युक्ती दिली आहे. घराजवळ उंचवट्यावर गादीवाफे करायचे, त्यांवर बांबूच्या कमानी रोवून पारदर्शक प्लास्टिकचा कागद ताणायचा. बाजू उघड्या ठेवायच्या, नाहीतर आत वाफ कोंडून पाने सडतात. पाऊस वरून निथळून जातो, झाड कोरडे राहते. मे महिन्यातच निवडक, न आजारलेल्या झाडांची रोपे करून तिथे लावावीत. अशी पाच-सहाशे झाडे जगली आणि दिवाळीला प्रत्येकी वीस कांड्या निघाल्या, तर एकराची रोपे घरच्या घरी तयार झाली. बांबू आपल्या बांधावरचा, कागदाला काय ते पैसे. हा मांडव ज्याने घातला नाही त्याला दरवर्षी रोपे विकत घ्यावी लागतात, आणि रोपे विकणाऱ्यालाही तेच हवे असते.

आता तेलाचा आणि पैशाचा हिशेब. पाल्यात तेल किती? शंभर किलो ओल्या पाल्यात ऐंशी ते दीडशे ग्रॅम. मध्यम धरा, शंभर ग्रॅम. म्हणजे एक टन पाल्याला एक किलो तेल. चांगल्या रानात वर्षाला एकरी दहा टनांच्या आसपास पाला मिळतो, म्हणजे आठ ते दहा-बारा किलो तेल. हा आकडा पाठ करून ठेवा. कुणी तुम्हाला एकरी चाळीस किलो तेल सांगितले, तर त्याला विचारा, बाबा, पाला किती टन? चाळीस टन पाल्याला अकरा हजार झाडांतून दर झाडामागे दर कापणीला सव्वा किलो पाला निघायला हवा. प्रत्यक्षात तीनशे ग्रॅम निघाला तरी झाड बरे म्हणायचे. विश्वास नसेल तर ज्याच्याकडे पीक उभे आहे त्याच्या रानात जा, त्याच्या परवानगीने दहा झाडे कापून तराजूवर घाला. या दहा मिनिटांच्या कामाने काहींची जमीन गहाण पडायची वाचेल.

तेल काढण्याची भट्टी कुठे आहे, हा प्रश्नही लावणीच्या आधीचा आहे. पाला कापल्यावर फार काळ ठेवता येत नाही. सावलीत पातळ पसरून दिवसभर सुकवला तर चालतो, ढीग घातला तर आतून तापतो आणि वास बिघडतो. एका एकराच्या एका कापणीचा पाला तीन-चार टन. पाचशे किलोच्या भट्टीत त्याचे सहा ते आठ घाणे होतात आणि एका घाण्याला तीन-चार तास लागतात. भट्टी वीस-पंचवीस कोसांवर असेल तर पाल्याचे भाडेच तेल पिऊन टाकील. एकट्याने भट्टी बांधणे मला पटत नाही. गावातल्या पाच-सात जणांनी मिळून लावण पुढेमागे करावी आणि एक भट्टी घ्यावी. भांडे स्टेनलेस स्टीलचे असावे. साध्या लोखंडात तेलाचा रंग उतरतो. वाफेच्या दाबाची झडप दर हंगामाला तपासावी, पोराटोरांना जवळ फिरकू देऊ नये. तेल पाण्यापेक्षा हलके, ते वर तरंगते. खालचे सुवासिक पाणी ओतून देऊ नये, त्यातही तेलाचा अंश असतो. तेच पुन्हा भट्टीत घालावे. उरलेल्या चोथ्याचे गांडूळ खत होते किंवा ओळींत आच्छादन.

विक्रीबाबत एक सावधगिरी. रोपे विकणाराच पुष्कळदा सांगतो की तेल मीच घेईन. रोपांचे पैसे तो आधी घेतो. तेलाचे बोलणे मात्र तोंडी असते, आणि दीड वर्षाने त्याचा फोन लागत नाही. करार करायचा तर कागदावर करा. त्यात भाव कसा ठरणार, तेलाची तपासणी कोण करणार, पैसे किती दिवसांत मिळणार, हे तिन्ही लिहून घ्या. एका खरेदीदारावर अवलंबून न राहता लावणीच्या आधीच दोघा-तिघांना पत्र टाका. तालुका कृषी अधिकारी आणि जवळचे कृषी विज्ञान केंद्र यांच्याकडे चौकशी करा. तेलाचा भाव कांद्यासारखाच वरखाली होतो, फक्त तो बाजार समितीच्या फळ्यावर लिहिलेला नसतो.

तेलात पाण्याचा थेंब राहू देऊ नये. पाणी ओढून घेणारे निर्जल सोडियम सल्फेट घालून, गाळून, अॅल्युमिनियमच्या डब्यात किंवा गडद काचेच्या बाटलीत काठोकाठ भरावे आणि अंधाऱ्या गार जागी ठेवावे. प्लास्टिकचे कॅन वापरू नयेत. दर घाण्याच्या तेलातून एक छोटी बाटली बाजूला काढून तिच्यावर तारीख, घाण्याचा नंबर आणि पाल्याचे वजन लिहून लाखेने बंद करून ठेवा. खरेदीदाराने पुढे तेलात भेसळ काढली, तर दाखवायला तीच बाटली कामी येईल.